टरफलं टाकायची वाटी नव्हे मी

मित्रांनो, गिरीशनं पाहुण्यांसाठी माझ्यात खारे पिस्ते ठेवले, तेही मी सोसलं. पण खाऊन झाल्यावर टरफलंही माझ्यातच? आणि टरफलांपेक्षा वाईट म्हणजे त्याच्या तोंडची ती थाप!

मी एक जुनी लाकडी वाटी आहे. कपासारखा कान आहे मला. जन्म फिनलंडचा. तिथं बर्चच्या झाडाला गाठ येते, तिच्यातून एका म्हाताऱ्यानं मला कोरून काढलं. देताना त्यानं खुणांनी बजावलं, साबण लावू नका, नुसतं विसळा. गिरीश विसरला. त्याची आई, शरयूबाई, विसरल्या नाहीत. दोन यत्ता शिकलेली बाई, पण तिला एक गोष्ट दोनदा सांगावी लागत नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात गिरीश कंपनीच्या कामाला आईसह तिकडे गेला होता. सुट्टीला दोघं ओउलांकाच्या राष्ट्रीय उद्यानात चालायला निघाले. मी बाईंच्या पिशवीला लटकले होते. काय ते रान! सरळसोट पाइन आणि त्यांच्या पायाशी पांढरट मऊ गालिचा. बाई वाकून म्हणाल्या, "अगोबाई, हे तर आपल्या मसाल्यातलं दगडफूल!" दलदलीवर फळ्या टाकलेल्या. साडी जरा वर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून बाई त्यावरून झपाझप चालल्या. रेनडिअर आडवं आलं, तर त्यालाच म्हणाल्या, "सरक रे बाबा, घाई आहे."

मग झुलता पूल आला. खाली पांढरं फेसाळ पाणी. मधोमध गिरीशचे पाय थिजले. बाईंनी हात धरून त्याला पलीकडे नेलं, मला नदीत बुडवून पाणी भरलं. एरवी त्या वरूनच पाणी पितात, कशाला ओठ लावू देत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "लाव ओठ, चालतंय." त्याचे दात माझ्या काठावर कडकड वाजत होते. जरा सावरल्यावर स्वारीला फोटो हवा झाला. तो बाईंनीच काढला.

आणि परवा, अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या घरात, पडदे ओढून स्लाइड्स दाखवताना हा पठ्ठ्या म्हणतो काय, "आई पूल बघूनच घाबरली. गाडीत बसून राहिली. मी एकट्यानं क्रॉस केला!"

पाहुणे हसले. बाई हसल्या नाहीत. मित्रांनो, मला तोंड असतं तर! पण माझ्यात नुसती टरफलं होती.

शेवटची स्लाइड आली. पुलापलीकडच्या खडकावर गिरीश, हातात मी. पाहुण्यांत दीपा म्हणून कॉलेजात शिकणारी एक मुलगी होती, ती पुढे सरकली. "काका, वेट, खडकावर ही सावली कोणाची? पदर दिसतोय."

कोणीतरी हळूच "अरे यार" म्हणालं.

मित्रांनो, लाकडाला साबण लागला की ते तडकतं. माणूसही खोट्यानं तसाच तडकतो. ज्यानं घाबरल्या वेळी हात धरून पाणी पाजलं, त्यालाच चारचौघांत भित्रं ठरवू नका.

शरयूबाई उठल्या, मला उचलून गिरीशच्या हातात दिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पुलाला घाबरलास, त्याची लाज नाही रे. उंचीला कोणीही घाबरतं. पण स्वतःची भीती आईच्या पदराला बांधलीस, हे नाही चालायचं. ऊठ, टरफलं काढ. वाटी विसळ. आणि खबरदार साबण लावलास तर."