उचललेला भंडारा

भंडारा उचलून दिलेला शब्दही मोडता येतो, हे धनाजीला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, साखर कारखान्याच्या गेटवर कळलं.

शब्द दोघांचा होता. कराडच्या कॉलेजात धनाजी आणि विश्वजित एका खोलीत राहिले, एकाच वर्षी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि एकाच दिवशी रिकामे झाले. त्याला आता सहा वर्षं झाली. बेकारीच्या पहिल्याच वर्षी पालीच्या खंडोबासमोर मूठभर भंडारा उचलून दोघं म्हणाले होते, ज्याला जागेची खबर आधी लागेल त्यानं दुसऱ्याला सांगायचं. एकट्यानं जायचं नाही. विश्वजित बारमाही उसाच्या रानातला, धनाजी आटपाडीकडच्या माळावरचा. पण पिवळं बोट कपाळाला लागलं की धनगराच्या घरात तो शब्द रक्ताचा होतो.

मागल्या साली कोरेगावच्या डेअरीत जागा निघाली. खबर धनाजीलाच आधी लागली. विश्वजित तेव्हा तापानं अंथरुणात.

"एकटाच जाशील व्हय रं?" त्यानं फोनवर विचारलं होतं.

"भंडारा उचललाय गड्या," धनाजी म्हणाला, आणि गेला नाही.

यंदा श्रावणात विश्वजितचा रोज दुपारी फोन. "उसाच्या रसाची गोडी कशी काढायची रं? सगळं इसरलो बघ. कवातरी जागा निघंल, तयारी असावी." डाळिंबाच्या बांधावर रेंज यायची. तिथं उन्हात उभा राहून धनाजी त्याला महिनाभर शिकवत राहिला. शिकवता शिकवता त्याचं स्वतःचंही वाळलेलं मन ओलं व्हायचं. मग फोन थांबले. धनाजीनंच एकदा विचारलं, तर विश्वजित म्हणाला, "कारखान्यात निघणार हुती एक जागा. रद्द झाली."

हंगामी तरी काम मिळेल म्हणून धनाजी आज फाईल घेऊन आला होता. परतताना जवळच्याच विश्वजितच्या गावी डोकावून यायचं ठरलं होतं. गेटवर केरबा नावाचे फौजेतून रिटायर झालेले वॉचमन होते.

"केमिस्ट? ती जागा तर भरली की! परवाच हजर झालाय गडी. लय हुशार म्हणत्यात. मुलाखतीला समदं तोंडपाठ."

तेवढ्यात तो हुशार गडी चहाला बाहेर आला. गळ्यात ओळखपत्र. धनाजीला बघून विश्वजित आधी हसला, मग हसू कुठं ठेवावं ते त्याला कळेना.

"आरं, सांगणारच हुतो..."

"कवा? पेन्शनीला?"

"एकच जागा हुती, धना. घरात भावकी रोज टोमणं मारतीया. आन तुझं काय, तुमची मेंढरं तरी हायत."

धनाजी त्याच्याकडे बघत राहिला. मेंढरं शेवटच्या वर्षाच्या फीसाठी विकली, तेव्हा खोलीत तोंड लपवून रडणाऱ्या धनाजीच्या पाठीवरून याच विश्वजितनं हात फिरवला होता.

"आन भंडारा?"

"काय पोरासारखं बोलतोस रं! हळदच ती."

धनाजीनं फाईलमधला अर्ज केरबांपुढे धरला. आईनं विश्वजितसाठी दिलेली भंडाऱ्याची पुडी त्याच्या खिशात होती, ती त्यानं काढली नाही. केरबांनी त्याचा अर्ज ठेवून घेतला. विट्याला गाडी बदलून तो उन्हं कलताना घरी पोचला.

आई, बयाबाई, ओट्यावर वाकळ शिवत होती. सुई चालली की तिचा गळाही चालतो, आणि सहा वर्षं तिच्या ओवीत दोन नावं आहेत.

"एका ताटात जेवती, धनाजी नि विश्वजित,
दोन दिव्यांची माज्या गं, एका तेलात वात..."

त्याला बघून ती थांबली. "काय म्हणला रं आपला विश्वजित?"

"नोकरी लागली त्याला."

तिचे डोळे उजळले. "माज्या बिरोबानं ऐकलं! मग आता शबूद त्याच्यावर. त्यो तुला मागं ठेवायचा न्हाई बघ. कपाळाला लावलास न्हवं त्याच्या?"

धनाजीनं पुडी तिच्या मांडीवरच्या वाकळेवर ठेवली. जशी दिली होती तशीच, दोरा न सुटलेली. बयाबाई पुडीकडे बघत राहिली, मग पोराच्या तोंडाकडे.

"आई, ओवीतनं त्याचं नाव काढ."

"लंगडी पडंल रं."

"पडू दे."

तिनं सुई उचलली. दोन टाके घातले आणि हलकेच सुरुवात केली, "एका ताटात जेवती, धनाजी नि..." आणि तिथं तिचा गळा थांबला. सुईही थांबली.