कोणी न विचारलेला चौकोन

मी एक नकाशा बोलतोय. गावाचा नव्हे, संगणकाच्या प्रोग्रॅमचा. रुग्ण, औषध, बिल अशा शेकडो घटकांचे चौकोन आणि कोण कोणाला काय विचारतो त्याच्या रेषा, एवढाच माझा देह. दिसायला कोळ्याचं जाळं. त्याची मला लाज नाही.

२००३ साली महाडच्या एका कचेरीत चारुलतानं मला जन्म दिला. पोलादपूरच्या एका दवाखान्यासाठी तिथे प्रोग्रॅम बनत होता. कचेरीचे मालक अवधूत यांनी सुरुवातीलाच एक रंगीत नकाशा काढून घेतला होता. मोजके चौकोन, ठसठशीत बाण, पाहुण्यांनी मान डोलवावी असा. पुढे प्रोग्रॅम रानासारखा माजला, हा मात्र नवरदेवासारखा नटून तिथेच उभा. शेवटी चारुलतानं सगळा प्रोग्रॅम उलगडून त्यात खरंच जे होतं तेच काढलं. तो मी.

"हे काय, शेवयांचं ताट?" अवधूत हसले. "दवाखान्यात दाखवू नकोस. अब्रू जाईल."

अब्रू! माणसांना ती नेहमी कागदावरच हवी असते.

"सर, 'न सोसणारी औषधं' या चौकोनाकडे एकही रेष येत नाही. औषध लिहिताना त्याला कोणी विचारतच नाही."

"आपल्या नकाशात बाण आहे ना? मग झालं!"

उद्घाटनाला रंगीत नकाशा दवाखान्याच्या भिंतीवर चढला. अवधूत बोलत असतानाच चारुलतानं मला डॉक्टर सईबाईंच्या टेबलावर पसरलं आणि तो एकटा चौकोन दाखवला. सईबाईंनी बाकावरच्या ठकूबाईंना बोलावलं. कापडे गावच्या या बाई पेनिसिलिननं मागे मरता मरता वाचल्या होत्या. सईबाईंनी संगणकात तशी नोंद केली आणि मुद्दाम तेच औषध त्यांच्या नावावर लिहिलं. संगणकानं निमूट चिठ्ठी छापली.

"ह्यो काय बोलत नाय गो?" ठकूबाईंनी चारुलताला विचारलं. "मी मेल्यावर बोलंल?"



"दुरुस्त होईपर्यंत हे बंद," सईबाई म्हणाल्या. अवधूत भिंतीकडे बघत राहिले, जणू बाणानं खाली उतरून साक्ष द्यावी.

चारुलतानं प्रोग्रॅम दुरुस्त केला, नवा नकाशा काढला. आता प्रत्येक बदलाला ती नवा काढते.

आणि मी? अवधूतनी मला काच लावून कचेरीत टांगलंय. "ही आमची पद्धत!" असं पाहुण्यांना सांगतात. माझ्यातला तो चौकोन अजून एकटाच आहे. प्रोग्रॅममध्ये त्याला जोडून वर्ष झालं. म्हणजे आता खोटा मीच, आणि माना डोलावणारे तेच.

बाबांनो, माझी आरती नको. काच काढा, मला चुलीत घाला, आणि आजचा नकाशा बघा.