माझ्या पोटातले कुंकू

मित्रांनो, मी एक जुना कणमापक आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. परभणीतल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, कोपऱ्यातल्या दगडी ओट्यावर मी बसलेला असतो. येणारेजाणारे मला बंद पडलेला फ्रीज समजतात. एका पाहुण्याने तर बोलता बोलता माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवला होता. त्याचा गोल डाग तिथे अजून आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्याला टोपी आणि हातात मोजे घातल्याशिवाय मला शिवत नसत, कारण धूळ ही माझी वैरीण. मला वाटले, जगात सगळीकडे अशीच माणसे असतील. किती भोळा होतो मी! पुढे मोठ्या शहरातल्या एका संस्थेत बरीच वर्षे राबलो. तिथे नवे चकचकीत यंत्र आले आणि माझी रवानगी टेम्पोतून इकडे झाली. वाटेत मानवत गावी टेम्पोवाल्याने माझ्या शेजारी सरकीची पोती कोंबली. आपल्यापुढे काय वाढून ठेवले आहे, ते मला तिथेच कळले.

माझे काम सोपे करून सांगतो. सोयाबीनमधून लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ निघतो. तो पाण्यात नीट हाताळला, की त्याचे आपोआप पोकळ फुगे बनतात. ते इतके बारीक असतात की साध्या सूक्ष्मदर्शकालाही सापडत नाहीत. त्यांच्या पोटात औषध भरून शरीरात पाठवता येते, पण त्यासाठी फुगे लहान आणि एकसारखे हवेत. ते तसे आहेत की नाही, हे सांगणारा मी.

माझ्या पोटात पाण्याने भरलेले काचेचे भांडे आहे. वरच्या भोकातून फुग्यांची नळी त्या पाण्यात उभी सोडायची. मी तिच्यातून लेसरचा किरण पाठवतो. पाण्यात थरथरणारे फुगे तो चहूकडे उधळतात. लहान फुगे भराभर नाचतात, मोठे संथ हलतात, आणि उधळलेला प्रकाशही तसाच लुकलुकतो. त्या लुकलुकण्यावरून मी आकार ओळखतो. मात्र किरणाच्या वाटेत धुळीचा एक कण जरी आला, तरी तो एकटाच हजारो फुग्यांना झाकून टाकतो. भरल्या सभेत एकानेच ओरडत राहावे आणि बाकीच्यांचे काही ऐकूच येऊ नये, तसे होते.

आता आमचे विभागप्रमुख योगीराज सर. मूळचे झरी गावचे. माझ्या पोटाच्या झाकणाला कुलूप आहे आणि त्याची किल्ली सरांच्या करदोट्याला. झाकण उघडायचे ते फक्त त्यांनी, असा नियम त्यांनीच केला. माझ्यावर एक नळी त्यांनी कधी मोजली असेल तर शपथ. पाहुण्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारून "आमची मशीन" म्हणायचे मात्र ते कधी विसरले नाहीत.

माझ्यावर खरे काम करायची ती संघप्रिया. पूर्ण्याहून रोज रेल्वेने यायची. तिचे वडील रेल्वेत रुळांवर काम करतात. पीएचडीसाठी तिने हे फुगे घेतले होते आणि कितीतरी खटपटींनंतर ते लहान, एकसारखे जमू लागले होते. माझ्या पडद्यावर एकच उंच, सडपातळ टोक उमटायचे. तेव्हा ती हळूच हसायची. मी सहसा कोणाचे कौतुक करत नाही, पण तिचे काम चोख होते.

मग गेल्या वर्षीची खंडेनवमी आली. तपासणी समिती येणार होती, म्हणून सरांना भक्तीचे भरते आले. दरवर्षी माझ्या कपाळावर एक बोट कुंकू लागे, तेवढ्याने त्यांचे भागेना.

"मुंजाजी, ही घे किल्ली. झाकण उघड," सर प्रयोगशाळेच्या सेवकाला म्हणाले. "बाहेरून पुजून काय होतंय? खरी मशीन आत हाय."

"सर, आत नका टाकू. पाणी खराब हुईल," संघप्रिया मागून म्हणाली.

"एवढ्याशानं काय हुतंय?"

आणि सरांनी चिमूटभर कुंकू व अक्षता थेट माझ्या पोटात सोडल्या. मागोमाग बाकीच्यांनीही तेच केले. संघप्रियाचे घर बौद्ध. ती बाजूला उभी राहिली. पेढा मात्र तिने सगळ्यांबरोबर घेतला. झाकण लागले, कुलूप लागले आणि किल्ली करदोट्याला गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या पडद्यावर नुसता गोंधळ. नळी आत सोडली, की खाली बसलेले कुंकू ढवळून किरणाच्या वाटेत येई. संघप्रियाने फुगे पुन्हा बनवले, गाळले, नव्या नळीत घेतले. पडद्यावर तेच अगडबंब आकडे.

"हे फुगे हायेत का भोपळे?" सर हसले. मग हसू आवरून म्हणाले, "समितीम्होरं हे दाखवलंस तर माझी अब्रू जाईल. इषय बदल, न्हाईतर काम सोड."

तिने नळीत नुसते शुद्ध पाणी घेतले आणि मोजून दाखवले. "सर, ह्यात फुगेच न्हाईत. तरी आकडा मोठाच यायलाय. चूक आतल्या पाण्यात हाय. झाकण उघडा."

"मशीनला नाव ठेवू नको. खंडेनवमीला समद्यांनी कुंकू वाहिलं, तू हात बांधून उभी ऱ्हायलीस. मग मशीन तुझ्या हाताला कशी यील?"

संघप्रियाचे डोळे भरून आले. मित्रांनो, त्या क्षणी मला जीभ हवी होती. मला धर्म नाही आणि जातही नाही. कोण कुठल्या वस्तीतून आले, हे मी कधी विचारले नाही. मला फक्त हात स्वच्छ आहे की नाही एवढेच कळते, आणि त्या खोलीत सगळ्यात स्वच्छ हात तिचा होता. शिकलेल्या माणसाने एवढे अडाण्यासारखे बोलावे, याची मला किळस आली.

तिने डोळे पुसले. आवाज चढवला नाही.

"सर, झरीला तुमच्या घरी पोळ्याला बैल आधी धुत्यात का आधी पुजत्यात?"

"हे काय इचारायलीस? आधी धुत्यात. शेणानं भरलेला बैल कोण पुजतंय?"

"मग ह्या बैलाचं पोट कवा धुतलंय, सर?"

मला बैल म्हटले, ते मी मनावर घेतले नाही. मुंजाजीने तोंड फिरवून खोकला काढला. सर बराच वेळ करदोटा चाचपत राहिले, आणि शेवटी किल्ली त्यांनी तिच्या हातावर ठेवली.

झाकण उघडले. आत गुलाबी पाणी, तळाला लाल साका आणि त्यावर फुगून मऊ झालेला तांदूळ. सर वाकून बघत होते.

"उंदरानं आणला असंल तांदूळ," ते म्हणाले.

कुंकू वाहणारा उंदीर! माणसांची अक्कल कुठवर जाते, हे मी तेव्हा पाहिले.

संघप्रियाने हातमोजे घातले. घाण पाणी काढले, काच मऊ कागदाने टिपली आणि बारीक गाळणीतून गाळलेले पाणी भरले. मग तिचीच जुनी नळी आत सोडली. पडद्यावर एकच उंच, सडपातळ टोक उमटले. ती ओट्याला टेकून हसली आणि हसता हसता रडलीही.

समितीला तिचे काम आवडले. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारून सांगितले, "आमच्याकडं शिस्तच हाय. आधी मशीन धुवायची, मगच पूजा." संघप्रिया जमिनीकडे बघत उभी होती. मीही काही बोललो नाही. मला बोलताच येत नाही, हे सरांचे नशीब.

मित्रांनो, तुमच्या घरातली शिवणयंत्रे, सायकली आणि पंप माझ्यापेक्षा सोशिक असतील, पण सगळ्यांचे गाऱ्हाणे एकच आहे. आम्हाला वर्षातून एकदा देव करू नका आणि उरलेले दिवस विसरू नका. हार नको, फडके घ्या. आणि बिघाड झाला, तर आधी आमच्या आत बघा. जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या माथी दोष मारणे सोपे असते, म्हणून ते खरे ठरत नाही.

यंदाच्या खंडेनवमीला सर ताट घेऊन आले, तेव्हा संघप्रिया माझ्याजवळच होती. माझ्या डोक्यावरचा चहाचा डाग सोडला, तर मी लखलखत होतो. तो डाग आता जन्माचा.

"पूजा करायची ना?" सरांनी विचारले.

"माझी झाली, सर," ती हातातले फडके घडी करत म्हणाली. "आता तुमची करा."

सरांनी कुंकवात बोट बुडवले. ते बोट माझ्या झाकणापर्यंत आले आणि थांबले. मग ताट ओट्यावर ठेवून ते गुपचूप नळाकडे हात धुवायला गेले.