उजवा गाल

गिल सिल्वेराचा उजवा गाल भाजला होता, आणि त्याच्या बायकोच्या, इडलिनाच्या, नजरेतून ते सुटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एप्रिलच्या उन्हात माणूस बेसबॉल बघत बसला तर गाल भाजणारच. पण जिने सगळा संसार नवऱ्याच्या शेजारी बाकावर बसून केला, तिला हे सांगायला जाऊ नका. गिल बसायचा पहिल्या बेसच्या बाजूला, आणि तिथे दुपारचं ऊन येतं ते डाव्या गालावर. दर वर्षी मोसम सुरू झाला की नवराबायकोचे डावे गाल टोमॅटोसारखे व्हायचे आणि गाव हसायचं.

"कुठे बसला होतास रे आज?" सूप वाढता वाढता तिने विचारलं.

"नेहमीच्याच जागी. दुसरीकडे कुठे बसणार?"

खोटं! तेही समोर बसून, तिच्याच हातचं सूप भुरकत.

गाल हे एक झालं. दारात घरचा धडधाकट पिकअप ट्रक उभा, आणि साठी उलटलेले हे महाराज दर शनिवारी टर्लॉकच्या स्टेशनावर सायकल मारत जाणार, ती आगगाडीत टांगणार आणि कधी स्टॉकटन, कधी मर्सेड असे कॉलेजच्या मॅची बघत हिंडणार. "मीही येते" म्हटलं की "तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही" हे उत्तर ठरलेलं. गुडघ्यांची एवढी काळजी याआधी कधी वाटली नव्हती!

"बाई गं," शेजारच्या कॉनीने कुंपणावरून मान काढून सांगितलं, "या वयात नवरा पोट कमी करायला लागला ना, की समजावं. बायकोसाठी कुणी पोट कमी करत नाही."

कॉनीच्या जिभेला हाड नाही हे इडलिनाला ठाऊक होतं. तरी ते वाक्य मनात कुसळासारखं रुतून बसलं. इतकी वर्षं ज्या माणसाचे मोजे धुतले तो आपला राहिला आहे की नाही, हे तिला आता कळायलाच हवं होतं.

गिल गावच्या शाळेचा बेसबॉल प्रशिक्षक होता, त्यामुळे घरातही बोलण्यापेक्षा इशारेच जास्त. नाकाला हात लावला की मीठ दे, कानाला लावला की पाव. आणि भांडण झालं की थोड्या वेळाने गिल छातीवरून आडवा हात फिरवायचा. मैदानावर प्रशिक्षकाने असा हात फिरवला की आधीचे सगळे इशारे रद्द. घरातही तसंच, भांडण पुसलं. फक्त एकदा तो हात हलला नव्हता. मुलासाठी, ब्रेंटसाठी, गिलने शाळेचा संघ राखून ठेवला होता, आणि तो नाकारून ब्रेंट फ्रेस्नोच्या कॉलेजात नोकरीला गेला. "या घरात पाऊल टाकू नकोस," गिल म्हणाला होता. तेव्हापासून त्या घरात पोराचं नाव कुणी काढत नसे.

पुढच्या शनिवारी गिल निघाला, आणि पाठोपाठ इडलिनाही निघाली, कॉनीच्या नातीची जांभळी, पुढे टोपली असलेली सायकल घेऊन. गाडीत ती मुद्दाम शेवटच्या डब्यात चढली.

"आजी, चाक आकड्यात अडकवा. वर, अजून वर!" तिकीट तपासनीस म्हणाला.

"आजी असेल तुझी," इडलिना पुटपुटली. पण सायकल त्यालाच टांगायला लावली.

स्टॉकटनला उतरून गिल असा सुसाट निघाला की हिचा जीव मेटाकुटीला आला. वाटेत तो एका बेकरीत शिरला आणि गुलाबी खोका घेऊन बाहेर पडला. बायकोच्या वाढदिवसाला हा माणूस एकदा बागेची नळी घेऊन आला होता! मैदानाच्या दारात तिकिटं विकणारी कुरळ्या केसांची बाई त्याला बघून खुदकन हसली. "आज पण आणलंत? कमालच करता हं तुम्ही!" असं म्हणत तिने खोका आत घेतला. इडलिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच बाईकडून तिकीट घेताना तिने सुटे पैसेसुद्धा मागितले नाहीत.

आत गिल तिसऱ्या बेसच्या बाजूला, म्हणजे नेहमीच्या बरोबर समोर, जिथे ऊन उजव्या गालावर येतं तिथे, पार कोपऱ्यात बसला होता. जन्मभर शाळेची टोपी घालणाऱ्या माणसाच्या डोक्यावर आज कसलंही चिन्ह नसलेली कोरी टोपी होती, तीही डोळ्यांवर ओढलेली. आणि शेजारची जागा जाकीट टाकून अडवलेली.

गुडघे कुरकुरत होते, पण ती पायऱ्या चढलीच.

"कोण आहे ती?" ती कडाडली. "गिल सिल्वेरा! मिठाई कुणाला चारतोस? आणि हे जाकीट कुणासाठी टाकलंयस?"

अख्खा स्टँड वळला. गिल पांढराफटक पडला. "इडा, हळू! खाली बस. त्याला ऐकू जाईल."

"कुणाला?"

खाली तिसऱ्या बेसपाशी पाहुण्या संघाचा प्रशिक्षक स्टँडकडे पाठ करून फलंदाजाला इशारे करत होता. इशारा होता बंटचा, म्हणजे टोला न मारता चेंडू नुसता पुढ्यात टेकवण्याचा. त्याचा हात पट्ट्यावर होता तिथेच थांबला. याच आवाजाने त्याला लहानपणी बदामाच्या बागांपलीकडून जेवायला बोलावलं होतं. तो वळला. ब्रेंट! त्याच्या संघाच्या बाकावर गुलाबी खोका उघडा पडला होता आणि पोरं साखरेत घोळलेले तळलेले गोळे खात होती. इडलिना ब्रेंटसाठी तळायची तसलेच.

इडलिनाला सगळं एकदम उमगलं. ट्रक ब्रेंटने लांबूनही ओळखला असता, म्हणून सायकल आणि आगगाडी. खोकाही त्या तिकीटवालीच्या हातून, नाव न सांगता. आणि तिसरा बेस अशासाठी, की तिकडे पोराची पाठ असते, त्याला बाप दिसत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगू? घालवला मीच ना त्याला?" गिलने टोपी अजून खाली ओढली. "जाकीट तुझ्यासाठीच टाकतो. सवयीने."

ती त्या जाकिटावर बसली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. "पुस," ती म्हणाली. "मेल्या, अजून कशाची वाट बघतोस? पुस!"

गिल उठला. टोपी काढली. हात त्याने छातीवरून आडवा फिरवला.

अंपायर ओरडत होता, पण ब्रेंट बापाकडे बघतच राहिला. मग त्याने हात उचलला आणि आपल्या छातीवरून तसाच सावकाश फिरवला.

आणि बिचाऱ्या फलंदाजाने ते पाहिलं. प्रशिक्षकाने हात फिरवला म्हणजे बंट रद्द, असं समजून त्याने जीव खाऊन टोला हाणला. चेंडू थेट समोरच्याच्या हातात गेला. बंटच्या भरवशावर बेस सोडून धावलेला गडीही परतू शकला नाही; एका चेंडूत दोघं बाद, आणि डाव संपला.

"अरे, तिथे बंट नको का लावायला?" पुढच्या बाकावरचा माणूस करवादला. "असला कसला प्रशिक्षक!"

गिलने याहून लहान चुकांसाठी पोरांना संघातून हाकललं होतं.

"लावला होता हो," तो डोळे पुसत म्हणाला. "त्याने पुसला."