बनुबाईचा हात

पाथर्डीच्या पूर्वेला आमचं गाव. साल बहात्तर, पाऊस नाही. सरकारनं दुष्काळी काम देऊ केलं. रस्ता पाहिजे का पाझर तलाव, ते पंचायतीनं ठरवायचं. "पुढच्या वीस वर्षांचा विचार करा," असं साहेब बजावून गेले. साहेबांना काय ठाऊक, आमच्या सरपंचाचा विचार पुढच्या निवडणुकीच्या अलीकडंच दम टाकतो.

सरपंच आबासाहेब रस्त्याच्या बाजूचे. कारण उघडं होतं. तलाव झाला तर त्यांचं ओढ्याकाठचं काळं रान पाण्याखाली जाणार. पण लाज सोडली की लोकहिताची भाषा फार गोड सुचते.

"रस्ता म्हंजे प्रगती!" ते म्हणाले.

सात जणांची पंचायत. तिघं रस्त्याला, तिघं तलावाला. राहिली बनुबाई, आबासाहेबांची विधवा भावजय. बायांच्या जागेवर त्यांनीच निवडून आणलेली. दोघांत ठरलेलं असं, की आबासाहेब खोकले, की तिनं हात वर करायचा. गटार, दिवे, शाळेची कौलं, सगळं आजवर खोकल्यावर मंजूर झालेलं.

"रस्त्याला कोन कोन?" ग्रामसेवकानं विचारलं.

आबासाहेब खोकले. बनुबाई पदर सारखा करीत बसली.

ते पुन्हा खोकले, मोठ्यानं.

"अडुळसा घ्या की, सरपंच," तलाववाला छगन म्हणाला.

तिसऱ्यांदा मात्र त्यांना खराच ठसका लागला. डोळे पांढरे.

"पानी द्या रे भावजींना!" बनुबाई ओरडली.

पंचायतीच्या शिपायानं, सहादेवानं, कोपऱ्यातला माठ पार उलटा केला. थेंब नाही. टँकर आलाच नव्हता. तो तांब्या आणायला घराकडं पळाला.

बनुबाई उभी राहिली. "सरपंचाला घोटभर पानी न्हाई, अन् आमी रस्ता करतोय. त्या रस्त्यानं जायाचं कुठं? ऊसतोडीलाच ना? माझा हात तलावाला."

"वहिनी, रान बुडंल! तुमचा बी वाटा हाय त्यात!" आबासाहेब ठसक्यातूनच म्हणाले.

"हाय म्हनून तर बोलते. दुसऱ्याचं बुडवाया कुनीबी हात वर करतं."

सहादेव तांब्या घेऊन आला. आबासाहेबांनी तो एका दमात रिकामा केला. ठराव पुढं आला, तशी पेनाशी चाळा करीत ते पुटपुटले, "वहिनी, घरी बोलू."

"बोलू की. भांडू बी. भाकरी झाकून ठेवलीया," बनुबाई चपला घालीत म्हणाली. "पर सही करून या."