कोंबड्याचं लाकूड

बंदरावरच्या बाकावर पैज लागली. मी, बेटावरचा सुतार, म्हणालो, "दाग्नीच्या माळ्यावरचं भूत मी करवतीने घालवतो. पुन्हा आवाज आला, तर नव्या छपराचे वासे चढल्यावर होते त्या मेजवानीला आढ्यावर बसून कोंबड्यासारखा आरवेन."

"सगळ्या बेटासमोर?" मासेवाला ग्रेगर्स म्हणाला.

"पाद्र्यासमोरसुद्धा."

"ठरलं, बुटक्या."

आवाज खराच होता. दाग्नीचा नवरा आस्गेर दोन वर्षांपूर्वी समुद्रात गेला, तो सापडलाच नाही. पण रोज दुपारी तीनला, कॉफीच्या वेळी, माळ्यावर टक् व्हायचं. जिवंत असताना याच वेळी तो तंबाखू आणायला वर जायचा आणि कपाळ आपटून घ्यायचा. जुनं छप्पर म्हणजे तिरप्या लाकडांचं जंगल, मांजरानेही वाकून जावं असं. वादळाने ते मोडलं, तेव्हा दाग्नीने मला बोलावलं.

"त्याची तंबाखूची पेटी, जाळी, बूट, सगळं वर ठेवायचंय," ती म्हणाली. "आणि एस्किल, त्याला घालवू नकोस हं. त्याला फक्त ताठ उभं राहता आलं पाहिजे. ते टक् मला आता ऐकवत नाही."

मी हसू दाबलं. नीट दाबलं गेलं नाही.

मधली तिरपी लाकडं सगळी काढली. खालच्या तुळया दुप्पट जाड घेतल्या, कारण आता त्यांच्यावर सामानाचं ओझं येणार होतं. दोन्ही कडांना बुटके खांब, मध्ये मोकळी खोली. वर, समोरासमोरच्या वाशांना बांधणारं एकच आडवं लाकूड. आमच्याकडे त्याला कोंबड्याचं लाकूड म्हणतात, पूर्वी कोंबडा त्यावर झोपायचा. ते जितकं वर, तितकं डोकं मोकळं. पण फार वर नेलं की वासे पाय फाकवतात आणि भिंती ढकलतात. मी टोपी घालून उभा राहिलो, वर चार बोटं सोडली आणि खूण केली. वाशांच्या नऊच्या नऊ जोड्या त्याच मापाने.

बुधवारी जोड्या उभ्या राहिल्या. कौलं अजून नव्हती, फळ्याही मधेमधेच टाकलेल्या. ग्रेगर्स मुद्दाम तीनला आला. आम्ही तिघं अंगणात कप घेऊन उभे. वर कोणी नाही, खालून आरपार दिसत होतं.

टक्.

तिसऱ्या जोडीचं कोंबड्याचं लाकूड थरथरत होतं. वारा नव्हता.

"आरवायला शीक," ग्रेगर्स म्हणाला, पण दोन पावलं मागे सरकून.

दाग्नी माझ्याकडे वळली. "माप कुणाचं घेतलंस?"

"माझं."

"तो तुझ्यापेक्षा वीतभर उंच होता रे."

चर्चच्या घंटेला गमतीने हेरिंग मासा बांधणारा माणूस मी. पण त्या दिवशी शिडीची एकेक पायरी मोजत चढलो. वर फळीवर ओले ठसे होते, बुटांचे. बोट लावून चाखलं. खारट.

सगळी लाकडं वीतभर वर घेतली. वासे फाकू नयेत म्हणून प्रत्येकाच्या अंगाला आणखी एक फळी ठोकली. दोन दिवस गेले. तीन वाजायला आले की मी मुकाट्याने खाली उतरायचो.

शनिवारी आस्गेरचं सामान वर ठेवलं, मेजवानीसाठी आढ्यावर हिरवी माळ चढली, अंगणात बिअर आली. तीनला सगळ्यांनी माना वर केल्या. वर पावलं वाजली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, कुठेही न अडखळता. मग पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज. टक् नाही.

दाग्नीने डोळे मिटून कॉफी संपवली.

"चढ," ग्रेगर्स म्हणाला.

"टक् कुठे झालं?"

"बुधवारी झालं. चढ मुकाट."

चढलो. आढ्यावर घोड्यावर बसतात तसा बसून, कोपरं फडफडवत तीनदा आरवलो. बेट हसून लोळत होतं. पाद्री म्हणाला, "दम नाही, परत." परत आरवलो. पाय मात्र वर ओढून धरले होते. खाली कोणी ताठ उभं असेल, त्याला लागायला नको.