रिकाम्या तव्यावरचा कालथा

मित्रांनो, मी एक जुना बिडाचा तवा आहे. मला उचलायला दोन हात लागतात. माझा स्वभावही तसाच जड आहे. मी पटकन तापत नाही आणि एकदा तापलो की लवकर निवत नाही. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतून एका ओताऱ्याने मला घडवलं. साच्यातून निघालो तेव्हा इतका खडबडीत होतो, की दुकानात दोन वर्षं कोणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला घरी नेलं. तिने मला आठ दिवस तेल पाजलं, तापवलं, पुसलं आणि माणसात आणलं. म्हणजे तव्यात आणलं म्हणा!

घरात दोघीच होत्या, ती आणि तिची मुलगी. मुलीची टकळी दिवसभर चालू असायची, म्हणून आई तिला साळुंकी म्हणायची. रोज सकाळी आई माझ्यावर अंडं फोडायची आणि कडेला पावाचे काप भाजायची. साळुंकीला ताटलीपर्यंत दम निघत नसे. ती माझ्यावरूनच घास उचलायची आणि बोटं भाजली की मलाच शिव्या द्यायची. मला त्याचं वाईट वाटत नसे. आईला मधुमेह होता. साळुंकीचं खाणं झालं की ती उरलेलं अंडं खायची आणि मग गोळी घ्यायची. साळुंकी समोर बसून ते बघायची. "गोळी पोटात गेली की अन्नही गेलंच पाहिजे हं," असं आईलाच दटावायची.

पुढे साळुंकीला दूरच्या शहरात, रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. निघताना आईने मला जुन्या चादरीत गुंडाळून तिच्या सामानात कोंबलं.

"अगं, मग तू कशावर करणार?" साळुंकीने विचारलं.

"मी उद्याच नवा घेते. हलका, न चिकटणारा. हे धूड उचलून माझे हात भरून येतात आता."

मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी त्या नव्या तव्यावर मनातून फार जळत होतो.

पहिले काही महिने साळुंकी पहाटे उठून माझ्यावर अंडं करायची आणि स्टुलावर बसून निवांत खायची. मग ती उभ्याने खाऊ लागली. मग अंडं गेलं, नुसता पाव राहिला. मग पावही गेला आणि चहात बुडवलेलं एक बिस्किट उरलं. शेवटी तेही सुटलं. सकाळी उठायची, तोंडावर पाणी मारायची आणि पळायची. लॅबमध्ये येणारी माणसं उपाशीपोटी रांगेत बसलेली असत आणि त्यांना फार वेळ ताटकळत ठेवता येत नसे. तिच्या खोलीत राहणारी नर्स तिला चिडवायची, "दिवसभर लोकांना विचारतेस, काही खाल्लं नाही ना? एकदा तुझंच रक्त काढायला हवं."

मला कडेने गंज चढू लागला.

आईचा फोन मात्र रोज सकाळी यायचा. "खाल्लंस का गं?" हा तिचा पहिला प्रश्न. "हो, करतेय," असं साळुंकी सांगायची. एकदा आई म्हणाली, "करतेयस तर तव्याचा आवाज कसा नाही येत?" साळुंकी क्षणभर गडबडली. मग तिने मला गार शेगडीवर ठेवलं आणि कालथा खर्र खर्र घासला. आई खूश झाली. "बघ हं, करपवू नकोस," म्हणाली.

तेव्हापासून तो रोजचा नेम झाला. एका हाताने वेणी घालायची, दुसऱ्या हाताने मला खरवडायचं. मग साळुंकी विचारायची, "तू खाल्लंस? गोळी घेतलीस?" आई म्हणायची, "केव्हाच!" मला स्वतःची लाज वाटायची, पण तव्याचं कोण ऐकतं?

अशीच एक सकाळ होती. आईने विचारलं, "खाल्लंस का गं?" साळुंकीने कालथा घासला. थोड्या वेळाने आईने पुन्हा तेच विचारलं. मग तिसऱ्यांदा. तिची जीभ जड झाली होती.

"आई, किती वेळा सांगू? मला उशीर होतोय!" साळुंकीने फोन ठेवला.

साखर उतरली की माणूस असं बरळतं, हे साळुंकीला पाठ होतं. पण ती घाईत होती.

दुपारी शिवायला टाकलेले कपडे न्यायला गिऱ्हाईक आलं, तेव्हा आई मशीनपाशी पडलेली होती. तिचा जीव वाचला. पण मेंदूला फार वेळ साखर मिळाली नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. साळुंकी नोकरी सोडून घरी परतली आणि मीही तिच्या सामानातून परत आलो.

सगळं लावून झाल्यावर तिने ओटा पाहिला, फळी पाहिली, खालचं कपाट उपसलं. मग शेजारच्या मावशींना विचारलं, "मावशी, आईचा नवा तवा कुठे आहे?"

"कसला नवा तवा? तू गेल्यापासून सकाळी या ओट्यावर चहाशिवाय काही झालं नाही. एकटीसाठी कोण करतं, म्हणायची. चहाबरोबर गोळी गिळायची. मी म्हटलं, पोरीशी खोटं का बोलतेस? तर म्हणाली, ती तिकडे वेळेवर खातेय, तिच्या जिवाला घोर नको."

साळुंकी माझ्यासमोर खालीच बसली आणि हुंदके देऊन रडली. मीही त्या खोटेपणात सामील होतो. एकीने जरी खरं सांगितलं असतं, तरी दोघी जेवल्या असत्या.

आता ती मला रोज घासते आणि तेल लावते. माझा गंज गेला आहे. पण आईला गिळायचं भान राहत नाही, घास गालात तसाच राहतो. साळुंकी अंड्याचा बारीक तुकडा भरवते आणि म्हणते, "आ कर." मग वाकून तोंडात बघते, जीभ उचलून बघते आणि खात्री झाल्यावरच दुसरा घास देते. तासभर लागतो. मग ती आईचं तोंड पुसते, मला धुते, भिंतीला टेकवून ठेवते आणि शिवणाच्या मशीनवर बसते.

माझ्यावर रोज एकच अंडं पडतं, आईचं.

मित्रांनो, मी लोखंडाचा आहे, मला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते. तुमच्या घरात सगळ्यांना भरवून झाल्यावर जी व्यक्ती गुपचूप उठून कामाला लागते, तिचा हात धरा आणि तिला खाली बसवा. ती म्हणेल, "माझं झालं." तिचं ऐकू नका. तिच्यासमोर ताट ठेवा आणि ते रिकामं होईपर्यंत तिथून हलू नका.